बाईजवळसुद्धा

प्रिय ऑस्बर्न,

तुझं पत्र आणि ते घेऊन आलेला तुझा माणूस, दोन्ही काल पोचले. माणूस तिरंदाज आहे हे त्याने दारातच सांगितलं, बसल्यावर पुन्हा सांगितलं आणि जेवताना आणखी एकदा सांगितलं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस असल्यामुळे मी त्याला खारवलेले मासे आणि वाटाण्याची आमटी वाढली. त्याने नाक मुरडलं. फ्रान्समध्ये आम्ही उपास असे करत नव्हतो, म्हणाला. आपली म्हातारी सुईण गुनिल्डा सध्या माझ्याकडेच असते, चुलीजवळच्या खाटेवर. ती तिथूनच म्हणाली, "नसाल रे बाबा. लोकांच्या कोंबड्या होत्या ना तिथे." जेवण झाल्यावर तू पाठवलेला निळा झगा त्याने माझ्यापुढे ठेवला. कापड फार चांगलं आहे. कमरेपाशी शिवण उसवून झगा सैल केलेला आहे, तेव्हा ज्या बाईचा तो होता तिला मूल व्हायचं असणार. मी त्याची घडी घालून तो त्याच्याच गाठोड्यात परत ठेवला आहे. या पत्राबरोबर तो तुला मिळेल.

तू लिहितोस की दोन्ही राजांचा तह झाला, तुमची फौज परत आली आणि इतकी वर्षं सैन्याबरोबर राहून प्रार्थना म्हटल्याबद्दल मालकांनी आपल्या गावचं चर्च पुन्हा तुझ्या हवाली केलं. नदीपलीकडच्या मठात तू उतरला आहेस आणि रविवारी येणार आहेस. गावाने घंटा वाजवावी अशी तुझी इच्छा आहे. आल्यावर पहिलं काम कोणतं करणार तेही तू लिहिलं आहेस. मोठ्या मरीच्या त्या हिवाळ्यात गावातल्या ज्या बायकांनी मरणाऱ्यांची कबुली ऐकली, त्यांनी वेदीपुढे उभं राहून जे ऐकलं ते तुला सांगायचं, म्हणजे तुला त्या मृतांना रीतसर क्षमा देता येईल. आणि खाली, बारीक अक्षरात, आपली आई मरताना तुझ्याबद्दल काय बोलली तेवढं मी आधी कळवावं. बाईजवळ दिलेली कबुली ही खरी कबुली नव्हे, तेव्हा माझ्यावर गुप्ततेचं बंधन नाही, असं तू मला समजावलं आहेस.

माझं उत्तर नाही असं आहे. तेवढंच लिहून थांबले असते. पण एका शब्दात काही कळणं हे लहानपणापासून तुझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहिते आहे. मठातल्या बायांनी मला लिहायला शिकवलं ते हिशेबी पत्रांसाठी, त्यामुळे भाषा कोरडी वाटली तर चालवून घे.

तू गेलास तेव्हाचं तुला किती आठवतं, मला ठाऊक नाही. समुद्राकडच्या बंदरात जहाजातून रोग उतरल्याची बातमी कापणीच्या सुमाराला आली. त्यावर तू एकच प्रवचन दिलंस. तरुणांचे आखूड अंगरखे आणि बायकांचे उघडे गळे यांमुळे देव रागावला आहे, असा त्याचा सारांश होता. मग गिरणीवाल्याच्या घरी पहिली गाठ निघाली आणि त्याच दिवशी तू घोडीवर खोगीर चढवलंस. मरणाऱ्यांना लावायचं पवित्र तेल संपत आलं आहे, ते आणायला शहरात जातो, असं आईला सांगितलंस. तिने तुला वाटेसाठी चीज बांधून दिलं. घोडी वळणाआड गेल्यावरही ती फाटकाशी उभी होती. चर्चमधली कुपी मी दुसऱ्या दिवशी पाहिली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

तुला हे माहीत असावं म्हणून सांगते. आपल्या गावात आता "तेल आणायला गेला" असं म्हणतात. नांगरणीच्या दिवशी कुणी पोट धरून बसला की म्हणतात, दूध काढायच्या वेळी कुत्रं पळालं की म्हणतात. ज्या मुलांनी तुला पाहिलेलंही नाही तीही म्हणतात, आणि ते कशावरून आलं हे त्यांतल्या अर्ध्यांना माहीत नाही. तुझी ओळख करून देताना कुणाच्या तोंडून हसू फुटलं तर उद्धटपणा समजू नकोस.

जानेवारीत बिशपांचं पत्र आलं. ते कारभारी ड्रोगोने माझ्याकडे आणलं, कारण तू गेल्यावर गावात वाचता येणारी मी एकटीच उरले होते. मी वेदीच्या पायरीवर उभी राहून ते आपल्या भाषेत सांगितलं. पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने आपल्या पापांची कबुली कुठल्याही साध्या माणसाजवळ द्यावी, आणि पुरुषही मिळत नसेल तर बाईजवळसुद्धा. मागून गुनिल्डा म्हणाली, "काय, काय? परत वाच गं." मी परत वाचलं. "बाईजवळसुद्धा?" तिने विचारलं. "असंच लिहिलंय." त्यावर ती म्हणाली, "पोटातून काढायला बाई, ढुंगण धुवायला बाई, मेल्यावर कापडात शिवायला बाई, तिथे नाही कुणाला 'सुद्धा' सुचत." लोक हसले. थंडीने आणि भीतीने काळे पडलेले लोक, पण हसले. त्या हिवाळ्यात त्या चर्चमध्ये पुन्हा कुणी हसल्याचं मला आठवत नाही. बिशप आपल्या दूरच्या वाड्यावर शेकोटीजवळ बसून होते असं नंतर कळलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर नाही, पण त्यांनी निदान एक पत्र पाठवलं.

त्याच पत्रात पुढे होतं की जो ही कबुली ऐकेल त्याने ती पाद्र्याप्रमाणेच मरेपर्यंत पोटात ठेवावी, बाहेर काढली तर ते घोर पाप. तेही मी दोन वेळा वाचलं, कारण गुनिल्डाने वाचायला लावलं. तू ज्याला बंधन नाही म्हणतोस ते हे.

सुरुवातीला लोकांना पुरुषच हवे होते. लोहाराने ड्रोगोला बोलावलं. ड्रोगो दारातच थांबला, नाकावर फडकं धरलं आणि ओरडला, "सांग बाबा, ऐकतोय मी!" लोहाराला शेवटचं बळ लावून ओरडावं लागलं, आणि शेजारच्या चार घरांना त्याची पापं कळली. त्यातलं एक पाप शेजारच्याच घरातलं होतं. तो मेला, पण ते भांडण अजून चालू आहे. त्यानंतर पुरुषांना कुणी बोलावलं नाही. गुनिल्डाला बोलावत, कारण ती सुईण, तिला कशाचंच नवल राहिलं नव्हतं. आणि मला बोलावत, कारण मला वाचता येत होतं. त्याचा इथे काय उपयोग हे मला तेव्हाही समजलं नाही. गुनिल्डा बिछान्याजवळ बसायची ती पाठ करून. "तोंड दिसलं की माणूस सारवासारव करतो," असं तिचं म्हणणं. मीही तसंच बसू लागले. शेवटी ती म्हणायची, "ऐकलं हो मी. देवानेही ऐकलं असेल, त्याचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत." क्षमा द्यायचा अधिकार आम्हाला नव्हता, आणि आम्ही तो घेतलाही नाही. आम्ही ऐकत होतो आणि मग पाणी पाजत होतो.

माझा वायमंड त्या वर्षीच्या उपासाच्या आधीच्या आठवड्यात आजारी पडला. मी त्याच्याजवळ बसले तर म्हणाला, "तू नको. निम्मी पापं तुझ्याशी भांडल्याची आहेत. तू मधेच दुरुस्त्या सांगशील." मला हसू आलं आणि रागही आला. मी गुनिल्डाला बोलावून आणलं आणि आमच्या पोरीला, एमटला, घेऊन अंगणात उभी राहिले. आत बराच वेळ लागला. माझ्या नवऱ्याकडे इतकं सांगण्यासारखं काय होतं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. एमट त्याच्यामागून गेली. ती सहा वर्षांची होती. मोठ्यांचं पाहून तिलाही कबुली द्यायची होती, आणि मी पाठ करून बसावं असा तिचा हट्ट होता. मी बसले. तिने सांगितलं. तेही मी कुणाला सांगणार नाही.

बारा वर्षं झाली. गुनिल्डा आणि मी एका भट्टीत पाव भाजत आलो, एका विहिरीवर पाणी भरत आलो. वायमंड काय बोलला हे तिला माहीत आहे आणि मला नाही. विचारावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा पीठ मळताना माझे हात थांबले, तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मळ गं मुकाट्याने." मी मळू लागले. यात मोठेपणा काही नाही, अशा बायका इथे पाचसहा आहेत. शेजारणीच्या मेलेल्या मुलाचं शेवटचं बोलणं पोटात घेऊन त्या शेजारणीबरोबर रोज कपडे धुतात. त्यांना तू वेदीपुढे उभं करून सांगायला लावणार आहेस, मृतांच्या भल्यासाठी. वरातीमागून घोडं येतं ते ठीक आहे, पण त्या घोड्याने वरातीला शिस्त शिकवू नये.

तू नसताना इथे पाद्री आलेच नाहीत असं समजू नकोस. पहिला आला तो एक विधुर होता. बायको आणि मुलं रोगात गेल्यावर पोटासाठी त्याने दीक्षा घेतली होती. त्याला लॅटिन येत नसे. अडलं की तो खोकायचा. माणूस गरीब होता, खोकत खोकतच मेला. दुसरा उंच, गोरा, सुरेल गळ्याचा. तो दोन हिवाळे टिकला आणि लंडनला गेला. तिथे कुणा मेलेल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या एकट्या आत्म्यासाठी रोज एक प्रार्थना गायची आणि बाकी वेळ मोकळा, असं काम त्याला मिळालं. जाताना म्हणाला, "इतक्या माणसांची काळजी एका माणसाने किती करायची!" आता महिन्यातून एकदा शेजारच्या गावचा म्हातारा गाढवावरून येतो, तेही गाढवाच्या मनात असेल तर.

बाकी गावही तुला ओळखू येणार नाही. गिरणीमागची शेतं आता मेंढ्यांची झाली आहेत. नांगरायला माणसं नाहीत, मेंढ्यांना माणूस लागत नाही. मालकीणबाई स्वतः लोणी काढतात आणि त्याबद्दल येईल त्याला ऐकवतात. ड्रोगो पूर्वी काठी घेऊन फिरायचा, ते तुला आठवत असेल. राजाचा कायदा आला की मरीपूर्वी मिळत होती त्यापेक्षा जास्त मजुरी कुणी मागायची नाही. ड्रोगोने तो चौकात ओरडून सांगितला. टोमलिन नांगऱ्या, ज्याला तू भर चर्चमध्ये घामाचा वास येतो म्हणून मागे उभं केलं होतंस, तो म्हणाला, "असं होय? मग कायद्यालाच जुंपा की नांगराला." आणि बायको, शेळ्या, चूल घेऊन दुसऱ्या मालकाकडे निघाला. पेरणीच्या वेळी ड्रोगो टोपी हातात घेऊन त्याला परत बोलवायला गेला. टोमलिन आता लोहाराच्या घरात राहतो आणि त्याची बायको रविवारी सशाच्या कातड्याची किनार लावून येते. नांगऱ्याच्या बायकोला तसली किनार लावायची बंदी आहे म्हणे. ती लावते. मेलेल्यांनी जागा करून दिली म्हणून जिवंतांना मान मिळाला. याचा आनंद मानावा की लाज वाटावी हे मला ठरवता आलेलं नाही, पण टोमलिनपुढे तू आता जपून बोल.

लढाईहून परतलेलेही आहेतच. तुझ्या तिरंदाजासारखे. प्रत्येकाच्या घरी कुणाची तरी पिसांची गादी आहे, कुणाचा तरी चांदीचा चमचा आहे. रोगाने घरं रिकामी केली ती देवाची करणी, आणि यांनी रिकामी केली तो पराक्रम. तू त्यांच्याबरोबर चालत होतास आणि मागाहून त्यांना क्षमा देत होतास. काय काय ऐकलं असशील याची मला कल्पना आहे. त्यातलं तू मला एक अक्षर सांगणार नाहीस, आणि ते योग्यच आहे. एका लुटारूने कोणाची मान कापली हे गुपित राखायचं आणि आपल्या आईने मरताना काय म्हटलं ते उघडं करायचं, असा हा तुझा न्याय आहे.

आता आईबद्दल. तू तर्कशास्त्र शिकला आहेस, मी नाही, तरी एवढं मला कळतं. तिने माझ्याजवळ कबुली दिली. ती जर खरी होती, तर माझं तोंड बंद आहे, आणि तुझंही असायला हवं. ती जर खरी नव्हती, तर मला बोलायला हरकत नाही. पण मग आपली आई पापांसकट गेली, आणि ती तशी का गेली, पाद्री कुठे होता, हे रविवारी तुला त्याच वेदीपुढे सांगावं लागेल. दोन्हीतलं एक तू निवड. दोन्ही मिळणार नाही. ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. तुला मृतांचं काहीएक पडलेलं नाही. तुला फक्त आईने तुझं नाव घेतलं का आणि कसं घेतलं, एवढं हवं आहे, आणि त्यासाठी तू सगळं गाव रांगेत उभं करायला निघाला आहेस. तिने तुझं नाव घेतलं की नाही, हेही मी सांगणार नाही. ती बोलली, मी पाणी पाजलं, मग ती झोपली. एवढं शेजारणीनेही पाहिलं, म्हणून सांगायला हरकत नाही.

नाही म्हणायला तिरंदाजाच्या तोंडी निरोप पुरला असता. पत्र लिहिलं ते दुसऱ्या कारणासाठी. गुनिल्डाला गेल्या रविवारपासून ताप आहे. आज सकाळी तिला पुसताना काखेत गाठ लागली. समुद्राकडे पुन्हा सुरू झालं आहे, या वेळी लहान मुलं जातात, असं तुझा माणूसच सांगत होता. पण पडून राहिलेल्या म्हातारीला होतं तसं हे साधं गळूही असू शकेल. मला कळत नाही आणि तिला त्याची पर्वा नाही. तिला कबुली द्यायची आहे. बिशपांच्या पत्रातली अट स्पष्ट होती, पाद्री मिळत असेल तर पाद्रीच हवा. आणि पाद्री आहे. नदीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हणून तुला कळवणं भाग होतं, आणि गाठ लपवून कळवणं मला जमलं नसतं. पुलाची डागडुजी झाली आहे, रस्ता कोरडा आहे. तुझा माणूस आत्ता निघतो आहे. तू दारात दिसलास तर मी उठून बाजूला होईन, आणि वर लिहिलेलं सगळं गावासमोर परत घेईन. परवा दिवस मावळेपर्यंत वाट पाहते. त्यानंतर पाद्री मिळाला नाही असं धरेन. हे गुनिल्डाला वाचून दाखवलं तर ती हसली, आणि हसण्याने धाप लागली म्हणून मला तिला उठवून बसवावं लागलं. मग म्हणाली, "परवापर्यंत कशाला थांबतेस पोरी? आत्ताच पाठ करून बस."

इलाज नाही म्हणून तुझीच,
हॅविस